चिमणीच्या बोलण्यातला सांधा

शनिवार, ३

सगळे बरे आहात ना? कंडक्टर, तुमच्या भावाच्या पाठीची जखम सुकली का, की अजून ओलीच आहे? मोठ्या बाई, साहेबांनी आज तुम्हाला ओळखलं का? मागच्या खेपेला तुम्हाला घरमालकीण समजून त्यांनी गळक्या नळाची तक्रार केली होती. चिमणी, सासूबाईंचा ताप उतरला का गं? आणि तुझा स्वतःचा डोळा कधी लागतो? आमच्या हिचं विचाराल तर कालच्यासारखंच. डावा हात कामावर, उजवा संपावर, जीभ लांबच्या रजेवर.

हे सगळं खरं तर बैठकीत विचारायचं. पण पडद्यावर एवढी तोंडं दिसली की माझी जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून आधी वहीत विचारून घेतो.

आमची बैठक म्हणजे बिननवऱ्याची वरात. अध्यक्ष नाही, ठरलेला विषय नाही. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नाही, असे आम्ही सगळे शनिवारी दुपारी इंटरनेटवर जमतो. ज्याला जे बोलायचंय ते त्याने फळ्यावर लिहायचं आणि आपली खोली उघडून बसायचं. ज्याला ऐकायचंय तो तिथे जातो. नावं दाराबाहेर ठेवायची. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे पाय मोकळे. कुणीही, केव्हाही, कुठल्याही खोलीतून उठावं. का उठलात म्हणून कुणी विचारायचं नाही. ज्यांच्या घरातून कोणत्याही क्षणी हाक येते, त्यांच्यासाठी दुसरा कुठला नियम चालणार?

माझं काम कापाकापीचं. जन्मभर रेडिओ नि टेप दुरुस्त केले, म्हणून मला रेडिओकाका म्हणतात. झालेलं बोलणं मी नीटनेटकं करून आमच्या पानावर चढवतो, म्हणजे ज्यांना येता आलं नाही त्यांनाही ऐकता येतं. हे कुणी शिकवलं नाही. कुठलं बटण दाबलं की काय बिघडतं, ते बिघडवून बिघडवून शिकलो.

आज चिमणीने फळ्यावर एकच शब्द लिहिला होता : ‘झोप’. तिच्या खोलीत पाच-सहाजण होतो. आवाज असा बारीक की कान लावून ऐकावं लागतं. सासूबाई दिवसभर ‘खिडकी उघड, खिडकी लाव’ म्हणतात, ते सांगताना आधी हसली. मग औषधाच्या बाटलीचं सांगू लागली, तेवढ्यात मी उठलो. हिची कूस बदलून द्यायची होती. खाटेपाशी गेल्यावर आठवलं, मेहुणीने जाण्याआधीच देऊन ठेवली होती. परत जायला उशीर झाला, म्हणून गेलो नाही.

सोमवार, ५

चिमणीचं बोलणं कापून झालं. कठीण गेलं. मधे इतकी रडली आहे की शब्दाला शब्द लागत नाही. बाईमाणसाचं रडणं चारचौघांत कशाला मांडायचं? ते सगळं काढून टाकलं. खिडकीचं ठेवलं, त्याने ऐकणाऱ्याला जरा हसू येतं. आता कुणाला सांगूनही कळायचं नाही की मधे काही होतं. सांधा दिसतच नाही. रेडिओची पेटी उघडून पुन्हा बंद केली की स्क्रूवर ओरखडा दिसता कामा नये, ही माझी जुनी खोड.

एरवी मी प्रत्येक तुकडा तीन-तीनदा ऐकतो. हा एकदाच ऐकला. कान दुखत होते.

तिला पाठवून दिला. आमचा ठराव आहे : बोलणाऱ्याने दोन दिवसांत नको म्हटलं नाही, तर होकार समजायचा. एकेकाच्या होकाराची वाट बघत बसलो तर पानावर काहीच चढायचं नाही. आमच्या लोकांना धड जेवायला सवड नसते, उत्तरं कुठून देणार?

बुधवार, ७

चिमणीचं काही आलं नाही. म्हणजे होकार. तुकडा चढवला आणि नियमाप्रमाणे मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. कुणाचं दुःख आपल्या घरात साठवून ठेवू नये.

मेहुणी सकाळी येऊन हिला पुसून-पावडर करते, दुपारी जाते. आज तिची कुरकुर, की ताईच्या गोळ्यांचा डबा इतक्या वर का ठेवलात भावोजी, माझा हात पोचत नाही, स्टूल घ्यावं लागतं. म्हटलं, खाली मुंग्या लागतात. ती म्हणाली, कडू गोळ्यांना लागणाऱ्या मुंग्या जगात फक्त तुमच्याच घरी. जीभ आहे की कातर! आमच्या हिच्या वाटणीचंही बोलणं ती बोलते.

शनिवार, १०

चिमणी आली नाही. पाय मोकळे, म्हणून कुणी विचारलं नाही. मीही नाही.

सोमवार, १२



चिमणीच्या तुकड्याखाली लोक भलतंच लिहू लागलेत. एरवी खाली चार ओळी असतात, ‘धीर आला’, ‘आमच्याकडेही असंच’. आज वर सरकवत गेलो तरी संपेना. एकाने लिहिलंय, ही बाई काय बोलतेय ते कुणाला ऐकू येत नाही का? दुसऱ्याने लिहिलंय, अशा बाईच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नये. तिसरा म्हणतो, पोलिसांना कळवा.

मला आधी समजेचना. मग स्वतः ऐकलं. पहिल्यांदाच परक्याच्या कानाने ऐकलं म्हणा.

चिमणी म्हणते : ‘बाटलीचं झाकण उघडलं. मनात आलं, सगळी पाजली तर दोघीही सुटू.’ आणि लगेच, श्वासही न घेता : ‘त्या रात्री कितीतरी महिन्यांनी मला शांत झोप लागली.’

लगेच नव्हतं ते. या दोन वाक्यांच्या मधे मी कात्री चालवली होती.

मधे काय होतं ते आठवून आठवून लिहितो, कारण आता ते कुठेच नाही. तिने झाकण परत लावलं होतं. बाटली ठेवून दिली आणि न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडत बसली. बाहेरून सासूने हाक मारली. चिमणीला वाटलं, पुन्हा खिडकी. पण सासू म्हणाली, ‘ये, पड इथे माझ्याजवळ.’ सासूच्याच अंथरुणात, तिच्याच कुशीत चिमणी झोपली. म्हणून शांत झोप.

हे सगळं हुंदक्यांत होतं. हुंदक्यांबरोबर गेलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुकडा ताबडतोब उतरवला. पण लोकांनी तो आधीच एकमेकांना पाठवला आहे. सुटलेला आवाज पुन्हा पेटीत भरता येत नाही.

मंगळवार, १३

आज सकाळी आमच्या पानाच्या पत्त्यावर चिमणीच्या नणंदेचा निरोप आला. तो इथे उतरवून ठेवतो.

‘ही बोलणारी माझी वहिनी आहे. खिडकीवाली माझी आई आहे. आई पाच तारखेच्या सोमवारपासून दवाखान्यात आहे, शुद्धीवर नाही. का, ते डॉक्टरांना सांगता येईना. आता मला कळलं. तुम्ही लोक कोण आहात? हे ऐकून तुम्ही गप्प कसे बसलात?’

सोमवार म्हणजे ज्या दिवशी मी तिला तुकडा पाठवला तो. ती दवाखान्यात पळत होती आणि मी इकडे तिच्या गप्प राहण्याला होकार समजत होतो.

दारात स्कूटर थांबली तरी दचकतो. पोलीस येतील का? येऊ देत, पण मला नेलं तर हिची कूस कोण बदलणार? मेहुणीचे स्वतःचे गुडघे गेलेत. ही डोळे मिटून पडलीय, पण जागी आहे. माझ्या पावलांवरून तिला सगळं कळतं. दुपारी तिला दुधात भिजवलेला पाव भरवताना चमचा दातांवर आपटला. तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि घास होईपर्यंत सोडलं नाही.

बुधवार, १४

चिमणीला निरोप पाठवला. वाचल्याची खूण उमटत नाही. तिचं नाव माहीत नाही, घर माहीत नाही, गावसुद्धा नाही. नावं दाराबाहेर ठेवली म्हणजे किती सुरक्षित, असं आम्ही म्हणायचो. आता ती हाक मारली तरी ऐकू न येण्याइतकी सुरक्षित आहे.

आणि एक गोष्ट मनातून जाईना. वहीत खोटं कशाला लिहू? तिने झाकण परत लावलं, ते मी रेकॉर्डिंगमध्ये तिच्याच तोंडून ऐकलं. पण ते बोलणं शनिवारचं. सोमवारपर्यंत मधे एक अख्खा रविवार गेला. मला काय माहीत?

गुरुवार, १५

मेहुणीला सगळं सांगितलं. न सांगून करतो काय, माझं तोंड बघून तिनेच विचारलं, काय भावोजी, कुणाचा खून केलात? 

तिने शांतपणे ऐकलं.  मग मी रविवारची शंका बोलून दाखवली. मला वाटलं, म्हणेल, छे, असं कसं होईल? तसं ती म्हणाली नाही.

“तुम्हाला रविवारचं कोण विचारतंय?” ती म्हणाली. “तुम्ही शनिवारचं ऐकलंत, शनिवारचं कापलंत, शनिवारचं सांगा.”

“आणि तिने खरंच काही केलं असेल तर?”

“तर ते तिच्या बोलण्याने सिद्ध होऊ दे, तुमच्या कात्रीने नको.”

हिचं अंग पुसता पुसता मग ती म्हणाली, की ताई आजारी पडल्यापासून माझ्या मनात काय काय येऊन गेलंय, ते कुणी टेपवर धरलं असतं तर मीही आज तुरुंगात असते. तुमच्या मनात कधी काही येत नाही का भावोजी?

मी म्हटलं, माझ्या मनात कसलं काय येतंय, मला वेळच कुठे असतो? ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ते स्टूल इकडे द्या, गोळ्या काढायच्यात.

शनिवार, १७

आज आयुष्यात पहिल्यांदा मी फळ्यावर विषय लिहिला. ‘चिमणीच्या खोलीत शेवटपर्यंत कोण होतं?’

खोली उघडून बसलो. बराच वेळ पडद्यावर माझंच तोंड. आमच्यात एक म्हण झालीय, की खोलीत जे येतात तीच योग्य माणसं. कुणीच आलं नाही तर काय म्हणायचं, ते ठरलेलं नाही. बाकीच्या खोल्यांत गर्दी दिसत होती. सगळ्यांनी ते खालचं लिखाण वाचलेलं होतं, हे उघड होतं. भीती एकट्या मलाच थोडी आहे?

मग कंडक्टर आले. जागा आहे का मागे, म्हणाले.  ते म्हणाले, रेडिओकाका, मी त्या दिवशी ती बाटलीपाशी रडू लागली तिथेच उतरलो. भावाने हाक मारली. पुढचं मला माहीत नाही, आणि नसलेलं सांगणार नाही. पण सोबत बसतो.

सगळ्यात शेवटी मोठ्या बाई आल्या. मागे साहेब कपाटाची दारं उघडत होते नि लावत होते. बाई खोलीत शेवटपर्यंत होत्या. झाकण लावल्याचं, टॉवेलचं, ‘ये, पड इथे’चं, सगळं त्यांनी माझ्यासारखंच सांगितलं, मी एक अक्षर सुचवलं नसताना. माझ्या डोक्यावरचा हंडा कुणीतरी उतरवून घ्यावा तसं झालं.

पण मी म्हटलं, की हे नाव देऊन सांगावं लागेल, टोपणनावावर कोण विश्वास ठेवणार. तेव्हा त्यांनी मागे वळून साहेबांकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाल्या, माझा मुलगा म्हणतोय की बाबांना तुझ्याकडे ठेवणं सुरक्षित नाही. मी अशा बैठकांना बसते, असलं बोलणं ऐकते, हे त्याला कळलं तर तो उद्याच यांना उचलून नेईल. आणि मग बाई खोलीतून गेल्या. पाय मोकळे. त्यांचा चौकोन विझला त्या जागेकडे मी नि कंडक्टर बघत राहिलो.

त्यांच्यावर राग नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

रविवार, १८

दुपारी मेहुणीला थांबवून घेतलं आणि हिच्या खाटेशेजारी बसून स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला. आधी माझं खरं नाव सांगितलं. आईवडिलांनी ठेवलेलं, पुरं. मग सांगितलं, की तो तुकडा मी कापला. बाईने दोन वाक्यांच्या मधे काय काय सांगितलं होतं ते सांगितलं. रविवारचं मला माहीत नाही, हेही सांगितलं. मेहुणी दारात उभी राहून मान हलवत होती.

मग म्हणालो, ‘हे मी कापलं, कारण...’

आणि पुढचं येईना. बाईमाणसाचं रडणं चारचौघांत नको म्हणून, असं म्हणायचं ठरवलं होतं. वाक्य ओठांवर होतं. ही माझ्याकडे टक लावून बघत होती. तोंड उघडं ठेवून मी तसाच बसलो. बाहेर कुणीतरी बादली आपटली, एक गाडी गेली. शेवटी नुसतं ‘मला ऐकवलं नाही’ एवढंच म्हटलं आणि बंद केलं.

नंतर ऐकलं तर मधली शांतता फारच लांब. मेलेल्या रेडिओ स्टेशनसारखी. कापायला बोट पुढे गेलंच, हाताची सवय. हिला विचारलं, एवढी काढू का, कंटाळवाणी आहे. तिने डावा हात आडवा हलवला. मग पुन्हा हलवला.

नाही कापली. आहे तशी चढवली आणि नणंदेलाही पाठवली.

सोमवार, १९

आवाजाखाली लोकांनी लिहिलंय. एकजण म्हणतो, म्हातारा पढवलेला दिसतो, मधे अडखळला बघा. दुसरा म्हणतो, आता पुरावा पुसून गोष्टी रचताय.

दुपारी कंडक्टरनी आपलं खरं नाव लिहून खाली दोन ओळी टाकल्या : मी शेवटपर्यंत नव्हतो, पण ती बाई रडू लागली तेव्हा होतो. मला त्यांचं नाव आज कळलं. कंडक्टर या नावापेक्षा फार साधं निघालं.

संध्याकाळी आणखी एक नाव आलं, बाईचं. खाली लिहिलं होतं : मी शेवटपर्यंत होते. यांनी सांगितलं ते खरं आहे. मला आधी ओळखू येईना, कोण ही? मग कळलं, या तर मोठ्या बाई, आणि त्यांचा मुलगा आठवला. मी कुणाला किती महागात पाडतोय?

मंगळवार, २०

नणंदेचा निरोप आला. उघडायला धीर होईना. मेहुणी येईपर्यंत थांबलो, आणि ती आल्यावर तिलाच म्हटलं, तू वाच.

एकच ओळ होती. “ती रडत होती का?”

मेहुणी म्हणाली, लिहा. मी लिहिलं : हो. किती, ते सांगता येणार नाही. मी जेवढं कापलं तेवढं सगळं तिचं रडणंच होतं.

वाचल्याची खूण लगेच उमटली. दिवसभर फोन उशाशी ठेवला. पुढे काही आलं नाही. आई शुद्धीवर आली का, ते नाही. वहिनीला घरात घेतलंय की दाराबाहेर ठेवलंय, ते नाही.

बुधवार, २१

चिमणीला आज पाठवलेला निरोप इथे उतरवून ठेवतो. न जाणो, तिकडे पोचला नाही तर निदान कुठेतरी असू दे.

‘बाई, मी रेडिओकाका. तुझं बोलणं मी कापलं, आणि त्याने तुझ्या गळ्याला फास लागला. माफी मागत नाही, ती मागितली की समोरच्याला देण्याचं ओझं होतं. सासूबाई कशा आहेत? तुला त्यांच्याजवळ बसू देतात का? तू जेवतेस का? तुझ्या नणंदेने मला एकच प्रश्न विचारला, आणि त्याचं खरं उत्तर मी दिलंय. ती विचारते आहे म्हणजे दार पुरतं लागलेलं नाही, असं मेहुणी म्हणते. मी काही म्हणत नाही, मला भीती वाटते. बैठकीत आता आम्ही ठरवलंय की गप्प राहणं म्हणजे होकार नाही. गप्प राहणं म्हणजे जाऊन बघायला हवं. पण तुझ्या दारापर्यंत यायला मला वाट माहीत नाही. ती तूच सांगायला हवीस. मोठं काही लिहू नकोस, सवड नसेल. नुसतं ‘आहे’ एवढंच लिही. पण बाई, लवकर लिही.’